टर्मिनलवर वेळेची नोंद: कोणतं साधन, कोणती पद्धत?

लुकलुकता_कर्सर (धागाकर्ता)

दिवसभरात कशावर किती वेळ गेला याची नोंद टर्मिनलमधूनच (कमांड टंकायच्या खिडकीतून) ठेवायची आहे. ब्राउझर नको, खातं उघडणं नको. डेटा आपल्याच डिस्कवर आणि शक्यतो साध्या मजकुराच्या फाइलीत हवा. शोधाशोध केली की चार नावं पुन्हा पुन्हा समोर येतात: टाइमवॉरियर, वॉटसन, एचलेजर आणि ईमॅक्स या मजकूर-संपादकातला ऑर्ग-मोड. चौघांचीही माहितीपत्रकं वाचली तर प्रत्येकाला सगळंच येतं असं दिसतं.

प्रश्न असा की सहा महिन्यांनंतरही वापरात राहील असं यातलं कोणतं, आणि ते ठरवायचं कशावरून? स्टार्ट-स्टॉपची बटणं मोजत बसण्यात अर्थ नाही, ती सगळीकडे आहेत.

ता.क. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीतच लिहूया, वाचायला बरं पडतं. टर्मिनलवर अर्थातच रोमन.

मध्यरात्रीचा_क्रॉन

टाइमवॉरियर. 'टाइमडब्ल्यू स्टार्ट लेखन' म्हटलं की घड्याळ सुरू. दुसरं काम सुरू केलं की पहिलं आपोआप बंद होतं, त्यामुळे दिवसभर 'स्टॉप' फारसं लागतच नाही. उशिरा आठवलं तर 'टाइमडब्ल्यू स्टार्ट ९:३० लेखन' असं मागच्या वेळेपासून सुरू करता येतं. सुरू करायचंच राहून गेलं असेल तर 'ट्रॅक ९:०० - १०:३० लेखन'.

खरी मजा दुरुस्तीच्या कमांडमध्ये आहे. 'समरी' पुढे ':आयडीज' जोडलं की प्रत्येक नोंदीला @१, @२ असे क्रमांक दिसतात. मग 'शॉर्टन @१ १०मिन' ने शेवटून दहा मिनिटं कापा, 'लेंग्थन' ने वाढवा, 'स्प्लिट' ने दोन तुकडे करा, 'जॉइन' ने जोडा. काहीच जमलं नाही तर 'अनडू'.

एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. @१ म्हणजे सर्वात ताजी नोंद. नवी नोंद झाली की सगळे क्रमांक एकाने सरकतात. त्यामुळे वर स्क्रोल करून जुन्या यादीतला @३ उचलायचा नाही. आधी ताजी समरी, मग दुरुस्ती.

रिकामी_ओळ

वेळेची नोंद ठेवण्यात गेलेल्या वेळेची नोंद कुठल्या टॅगखाली करायची? :)

मध्यरात्रीचा_क्रॉन

@रिकामी_ओळ, 'इतर' खाली. महिनाअखेर तोच टॅग सर्वात मोठा निघतो.

सापशिडी

टाइमवॉरियरबद्दल एक पुस्ती. त्यात 'प्रकल्प' असा वेगळा प्रकारच नाही, सगळे टॅग. 'स्टार्ट ईमेल उत्तरं' असं अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं तर दोन टॅग लागतात, 'ईमेल' आणि 'उत्तरं'. दोन टॅगांची नोंद दोन्हीकडे मोजली जाते, म्हणून टॅगवार आकडे एकत्र केले तर बेरीज प्रत्यक्ष तासांपेक्षा जास्त भरते. इथे बऱ्याच जणांना साधनातच बग आहे असं वाटतं.

वॉटसनची मांडणी मला जास्त सरळ वाटते: एका नोंदीला एकच प्रकल्प, त्यापुढे हवे तेवढे टॅग अधिकचिन्ह लावून. 'वॉटसन स्टार्ट संकेतस्थळ +चाचणी'. मग 'रिपोर्ट' प्रकल्पवार बेरीज देतो, 'अ‍ॅग्रिगेट' दिवसवार आणि 'लॉग' एकेक नोंद. बेरीज कधी फुगत नाही. 'वॉटसन एडिट' म्हटलं की नोंद नेहमीच्या संपादकात उघडते. वेळ बदला, साठवा, बाहेर पडा. सहा कमांड पाठ करण्यापेक्षा हे बरं.

फरक एवढाच की एक काम चालू असताना दुसरं सुरू केलं तर वॉटसन हटकतो. ते नको असेल तर कॉन्फिगमध्ये 'स्टॉप-ऑन-स्टार्ट' हा पर्याय चालू करावा लागतो. आणि तो पायथनमध्ये असल्यामुळे प्रत्येक प्रॉम्प्टला (कमांड टंकायच्या ओळीला) 'वॉटसन स्टेटस' चालवलं तर एंटर दाबल्यावर जाणवेल इतका उशीर होतो. प्रॉम्प्टमध्ये चालू काम दाखवायचं असेल तर वॉटसन चालवू नका, त्याची 'स्टेट' नावाची छोटी जेसन (कंस-स्वल्पविरामांनी मांडलेल्या मजकुराची) फाइल थेट वाचा. काही चालू नसेल तर तिच्यात फक्त महिरपी कंसांची रिकामी जोडी असते.

अर्धविराम

बाळबोध प्रश्न: घड्याळ सुरू असताना मशीन बंद केलं किंवा टर्मिनल मिटलं तर मोजणी थांबते का?

खटपट्या

@अर्धविराम, बाळबोध अजिबात नाही, निम्मे घोटाळे इथूनच निघतात. पार्श्वभूमीला काहीही 'चालत' नसतं. सुरुवातीची वेळ फाइलीत लिहिली जाते आणि साधन बाहेर पडतं. 'स्टॉप' म्हटल्यावर त्या क्षणाची वेळ लिहिली जाते आणि वजाबाकी होते. म्हणजे मशीन रात्रभर बंद ठेवलं तरी सकाळी 'स्टॉप' म्हटल्यावर चौदा तासांचं 'लेखन' नावावर जमा!

मशीन झोपवताना घड्याळ आपोआप बंद व्हावं म्हणून सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) 'सिस्टम-स्लीप' डिरेक्टरीत स्क्रिप्ट टाकता येते. तिला निद्रेआधी 'प्री' आणि जागं झाल्यावर 'पोस्ट' असा शब्द मिळतो. पण ती रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालते. नुसतं 'टाइमडब्ल्यू स्टॉप' लिहिलं तर ते रूटच्या होम डिरेक्टरीतला डेटा शोधतं, तिथे काही सापडत नाही, आणि तुमचं घड्याळ चालूच राहतं. 'रनयूजर' वापरून आपल्या वापरकर्त्याच्या नावाने चालवा.

चार_ठिपके

मुळात सेकंदापर्यंतची अचूकता कशाला हवी? एचलेजरची टाइमडॉट पद्धत बघा. एका ओळीवर तारीख, खाली कामाचं नाव आणि त्यापुढे ठिपके. एक ठिपका म्हणजे पाव तास, चार म्हणजे एक तास. मोजायला सोपं जावं म्हणून चार-चारचे गट पाडून मध्ये जागा सोडता येते. घड्याळ सुरू करणं नाही, बंद करणं नाही. जेवढ्या वेळा फाइल उघडाल तेवढे ठिपके टाका. बेरीज 'एचलेजर बॅलन्स' करतो, आठवडावार रकाने हवे असतील तर मोठा डब्ल्यू जोडायचा. नावांत अपूर्णविराम टाकला की 'प्रकल्प:चाचणी' अशी उतरंड फुकट मिळते.

चूक हमखास एकच होते. नाव आणि ठिपके यांच्यात किमान दोन जागा लागतात. एकच सोडली तर ठिपके नावाचाच भाग समजले जातात. खात्यांच्या यादीत 'लेखन ....' असं विचित्र खातं दिसलं की ओळखायचं.

मध्यरात्रीचा_क्रॉन

@चार_ठिपके, ठिपके संध्याकाळी आठवून टाकले जातात, आणि आठवण मोठ्या कामांना झुकतं माप देते. पाच-पाच मिनिटांचे वीस व्यत्यय ठिपक्यांत कुठे दिसणार? ते शोधण्यासाठीच तर ही नोंद ठेवायची.

चार_ठिपके

ज्याला व्यत्यय मोजायचे आहेत त्याने घड्याळ वापरावं, मान्य. ज्याला 'या आठवड्यात पुनरावलोकनावर किती गेलं' एवढंच हवं, त्याच्यासाठी नाकापेक्षा मोती जड. ज्या सवयीला प्रत्येक वळणावर कमांड लागते ती दोन आठवड्यांत सुटते.

उलटा_स्लॅश

तिसरीही पद्धत आहे, तिचं नावच कोणी घेतलं नाही. काम *संपल्यावर* नोंद. यूटीटी असं चालतं, जीटाइमलॉगही (तो खिडकीवाला आहे, पण तत्त्व तेच). सकाळी 'यूटीटी हॅलो', त्यानंतर प्रत्येक काम संपलं की 'यूटीटी अ‍ॅड' आणि नाव. मागच्या नोंदीपासून आतापर्यंतचा वेळ त्या नावावर. नावाच्या शेवटी दोन तारका टाकल्या की ती विश्रांती धरली जाते, तीन तारका टाकल्या की ती वेळ हिशेबातच येत नाही.

काय केलं हे संपल्यावर नक्की माहीत असतं. सुरू करताना 'बग दुरुस्ती' म्हणून बसतो आणि प्रत्यक्षात तासभर दुसऱ्याच गोष्टीचं निदान चाललेलं असतं. शिवाय 'स्टॉप' विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. तोटा म्हणजे सकाळचं 'हॅलो' राहिलं तर पहिल्या कामाला सुरुवातच नाही, आणि 'आत्ता काय चालू आहे' हे प्रॉम्प्टमध्ये दाखवता येत नाही, कारण साधनालाच ते माहीत नसतं.

खटपट्या

तीन ओळींत होणाऱ्या कामासाठी केवढा हा जामानिमा! शेलमध्ये एक फंक्शन लिहा: 'डेट' कडून १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद घ्यायचे (अधिकचिन्ह, टक्केचिन्ह, एस), मग एक टॅब, मग कामाचं नाव, आणि दुहेरी 'मोठे' चिन्हाने ओळ फाइलीच्या शेवटी जोडायची. बस्स. प्रत्येक ओळ म्हणजे एक बदल, कामाचा कालावधी म्हणजे पुढच्या ओळीची वेळ वजा या ओळीची. थांबायचं असेल तर 'विराम' हेही एक कामच. दोन नोंदी एकमेकींवर चढणं या मांडणीत शक्यच नाही.

बेरजेला ऑक (मजकूर ओळीओळीने हाताळणारी कमांड). प्रत्येक ओळीवर मागच्या ओळीचा आकडा वजा करून उत्तर मागच्या ओळीच्या नावावर जमा करायचं, शेवटी ३६०० ने भागायचं. शेवटची ओळ उघडी असते, तिच्यासाठी आत्ताची वेळ बाहेरून द्यायला विसरू नका, नाहीतर चालू काम अहवालात येतच नाही.

सापशिडी

@खटपट्या, आणि दुरुस्ती? ११:४० ला काम बदललं होतं आणि आठवलं १२:०५ ला. आता दहा आकडी संख्या हाताने काढून फाइलीत घालायची?

खटपट्या

फंक्शनला पर्यायी पहिला शब्द द्या, 'उणे २५'. सेकंदांतून २५ गुणिले ६० वजा करून ओळ लिहायची. ताज्या चुका यात सुटतात. जुन्या चुकांसाठी सेकंदांचं वाचनीय रूप लागतं, आणि तिथे एक गंमत आहे: लिनक्सवरच्या 'डेट' ला 'डॅश डी' आणि संख्येआधी @ लागतो, मॅकवर 'डॅश आर' आणि नुसती संख्या. एकाच स्क्रिप्टला दोन्हीकडे चालवायचं तर तपासणी घालावी लागते. हो, जुनी दुरुस्ती ही या मार्गाची कमजोर बाजू आहे. कबूल.

निरंक

सेकंद किंवा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) साठवणं हा मात्र धाग्यातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तो ओझरता येऊन गेला. स्थानिक वेळ टाइमझोन न देता लिहिली आणि तुमच्याकडे उन्हाळी वेळ पाळत असतील, तर वर्षातून एका रात्री एक तास दोनदा येतो. १:५० ला सुरू, १:१० ला बंद: कालावधी उणे चाळीस मिनिटं. दुसऱ्या टोकाला एक तास गायब असतो, तिथे कालावधी गुपचूप एक तासाने जास्त भरतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. टाइमवॉरियर यूटीसीत साठवतो (शेवटी झेड असतो), वॉटसन सेकंदांत. हाताने लिहायच्या सगळ्या पद्धतींत हा प्रश्न आपला आपण सोडवायचा.

मध्यरात्र हा वेगळा विषय. २३:०० ते १:३० ची नोंद कोणत्या दिवसाची? टाइमक्लॉक पद्धतीत (सुरू-बंदच्या वेळा लिहायच्या) एचलेजर ती मध्यरात्रीला तोडून दोन दिवसांत वाटतो. ज्यावरून एचलेजर आला त्या मूळ लेजरमध्ये त्यासाठी 'डे-ब्रेक' हा पर्याय द्यावा लागतो. केलॉगमध्ये (हेही साध्या मजकुरातलं वेळनोंदीचं साधन) दुसऱ्या दिवसाची वेळ बाणासारख्या चिन्हाने दाखवायची. रात्रीचं काम असणाऱ्यांनी साधन निवडण्याआधी हे बघावं.

आणि पूर्णांकन. तीन नोंदी घ्या: ७, ६ आणि ५ मिनिटं. बेरीज १८. प्रत्येक नोंद जवळच्या पाव तासाला पूर्ण केली तर उत्तर ० मिनिटं. बेरीज करून मग पूर्ण केली तर १५. बेरीज वरच्या बाजूला नेली तर ३०. प्रत्येक नोंद वरच्या बाजूला नेली तर ४५. एकाच कामाची चार उत्तरं! म्हणून साठवताना कधीही पूर्णांकन करायचं नाही. ते अहवालाचं काम, आणि कोणता नियम लावला ते अहवालावर लिहायचं.

रिकामी_ओळ

@निरंक, ० मिनिटांचा नियम काम देणाऱ्याला सांगू नका.

उलटा_स्लॅश

याच्या जोडीला: १:३० आणि १.३० यांची गल्लत. दीड तास दशांशात १.५ होतो. स्प्रेडशीटमध्ये अहवाल चिकटवताना ही चूक हटकून होते. १ तास २० मिनिटं म्हणजे १.३३, १.२० नव्हे.

वेलांटी

थोडं अवांतर, पण टॅग मराठीत लिहिणाऱ्यांसाठी अवांतर नाही. 'दुसऱ्यांचं-काम' हा टॅग घ्या. त्यातला 'ऱ्य' तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: एकसंध ऱ हे अक्षर, साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच. साधनाच्या लेखी तीन वेगळे टॅग. दोन मशीनवर दोन कळफलक असतील तर एकाच कामाची बेरीज दोन ओळींत फुटते आणि कारण डोळ्यांनी दिसत नाही.

युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण (एकच अक्षर एकाच रूपात आणणं) केलं (आयसीयू या युनिकोड-संचाबरोबर येणारी 'यूकॉन्व्ह' कमांड ते करते) तर पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, तो सेड (शोधा-बदला कमांड) लावून स्वतंत्र बदलावा लागतो. सोपा उपाय म्हणजे टॅगच्या नावात ऱ्य, ऱ्ह टाळणं.

दुसरं, अंक. '९:३०' देवनागरी अंकांत टंकलं तर ही साधनं ती वेळ म्हणून ओळखत नाहीत, तेव्हा टॅगांच्या यादीत '९:३०' दिसू लागला तर दचकू नका. आणि तक्त्याचे रकाने वेलांट्या-मात्रांमुळे वाकडे दिसणं हा बहुधा टर्मिनलच्या रुंदी मोजण्याचा दोष असतो, डेटा शाबूत असतो.

अर्धविराम

वाचनखूण साठवली. दोन मशीनचा उल्लेख झालाच आहे तर, एकच नोंदवही दोन्हीकडे कशी ठेवायची?

निरंक

ओळीओळींची, फक्त शेवटी वाढणारी फाइल असेल तर गिट (फाइलींतले बदल सांभाळणारं साधन) पुरेसं आहे. 'गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइलीत त्या फाइलीसाठी 'मर्ज=युनियन' लिहायचं. मग दोन्हीकडच्या नव्या ओळी संघर्षाशिवाय एकत्र येतात. क्रमाची हमी मात्र नसते, म्हणून नंतर 'सॉर्ट'. खटपट्यांच्या सेकंदांच्या फाइलीला अंकवार सॉर्ट लागतो. टाइमवॉरियरच्या ओळी 'इंक' आणि लगेच यूटीसी वेळ अशा सुरू होतात, तिथे साधा अक्षरवार सॉर्ट चालतो. त्याचा डेटा महिन्याला एक फाइल असा विभागलेला असल्याने मर्जचा परीघही लहान राहतो. त्याच डिरेक्टरीतली 'अनडू.डेटा' गिटमध्ये घेऊ नका, दुसऱ्या मशीनचं 'अनडू' इथे फिरवण्यात हशील नाही.

वॉटसनला हे लागू नाही. त्याच्या सगळ्या नोंदी एका जेसन फाइलीत असतात. जेसनवर युनियन मर्ज केलं की एखादा स्वल्पविराम किंवा कंस चुकतो आणि अख्खी फाइल वाचता येत नाही. 

आणि कोणतंही साधन असो, एका मशीनवर घड्याळ चालू ठेवून दुसऱ्यावर नवं सुरू करायचं नाही. शेवट नसलेल्या दोन ओळी एकत्र आल्या की पुढचा गुंता हातानेच सोडवावा लागतो.

लुकलुकता_कर्सर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. ऑर्ग-मोडवर कोणीच बोललं नाही, आणि मूळ प्रश्न अजून तिथेच आहे: ठरवायचं कशावरून?

सापशिडी

ऑर्ग-मोडबद्दल एका ओळीत: ईमॅक्समध्ये राहत असाल तर प्रश्नच नाही, नोंद कामाच्या शीर्षकाखालीच राहते; राहत नसाल तर यासाठी घर बदलू नका.

मध्यरात्रीचा_क्रॉन

निकष एकच, चूक सुधारायला किती कळा दाबाव्या लागतात. नोंद करणं सगळीकडे सोपं आहे. चुका रोज होणार, आणि सुधारणा कटकटीची असली की माणूस ती उद्यावर ढकलतो. आठवडाभर ढकललेल्या चुकांची फाइल कुणालाच उघडावीशी वाटत नाही.

तेव्हा आवडलेल्या प्रत्येक साधनात खोटा डेटा भरून या पाच गोष्टी करून बघा. काल संध्याकाळी बंद करायचं राहिलेलं घड्याळ काल १८:१५ ला बंद करणं. सकाळी सुरू करायचं राहिलेलं काम मध्ये घुसवणं, तेही शेजारच्या नोंदीवर चढत असताना (टाइमवॉरियरमध्ये यासाठी ':अ‍ॅडजस्ट' जोडावं लागतं, नाहीतर तो नकार देतो). एका लांब नोंदीतून २० मिनिटांचा व्यत्यय बाहेर काढणं. मागच्या आठवड्यातल्या सगळ्या नोंदींवर चुकलेला टॅग बदलणं. आणि शेवटी सगळा डेटा बाहेर काढून दुसऱ्या साधनात जाईल अशा रूपात आणणं. माहितीपत्रक न उघडता दुसऱ्यांदा जे जमेल ते तुमचं.

चार_ठिपके

या पाचही परीक्षा ठिपक्यांत संपादकाने सुटतात. ठिपका खोडा, ठिपका टाका.

खटपट्या

सहमत, आणि हे लिहिताना त्रास होतोय. दुसरी आणि तिसरी परीक्षा सेकंदांच्या फाइलीत खरोखर किचकट आहे.

लुकलुकता_कर्सर (धागाकर्ता)

हे पटलं. टाइमवॉरियर आणि टाइमडॉट दोन्हींवर करून बघतो. तिसरी परीक्षा टाइमवॉरियरमध्ये 'स्प्लिट' ने करायची का? माहितीपत्रकाप्रमाणे तो बरोबर मध्यावर तोडतो, मला व्यत्ययाच्या जागी तोडायचं आहे.

मध्यरात्रीचा_क्रॉन

'स्प्लिट' नको. समजा नोंद ९:०० ते १२:०० आहे आणि व्यत्यय १०:१० ते १०:३०. 'ट्रॅक १०:१० - १०:३० व्यत्यय :अ‍ॅडजस्ट' लिहा. मूळ नोंद आपोआप बाजूला सरकून ९:०० ते १०:१० आणि १०:३० ते १२:०० अशी दोन तुकड्यांत राहते. त्यानंतर ':आयडीज' लावून समरी पुन्हा बघा, क्रमांक बदललेले असतील.